एकच पाय गार पडतो तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा राज्यात अनेकदा सर्वांत खाली उतरतो. त्या दिवसांत पाय गार पडणे ही कुणाला सांगण्याजोगी तक्रार राहत नाही. पहाटे शेकोटी पेटते, पाय शेकले जातात आणि माणसे बागेत कामाला लागतात. पण थंडी दोन्ही पायांना सारखीच लागते. एकच पाय अचानक गार पडला, पांढराफटक दिसू लागला, त्यात असह्य कळा येऊ लागल्या आणि दुसरा पाय मात्र उबदारच राहिला, तर तो थंडीचा परिणाम नव्हे. त्या पायाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी अडकली आहे असे धरून त्याच तासाला रुग्णालयाचा रस्ता धरायला हवा. छातीत कळ आली तर आता खेड्यापाड्यांतही लोक गाडी शोधतात. पायात कळ आली तर तेल शोधतात. दोन्हीकडे आजार एकाच जातीचा असतो, रक्तवाहिनी बंद पडण्याचा, आणि दोन्हीकडे वेळ सारखाच तुटपुंजा असतो.

येथे एक गल्लत आधी दूर केली पाहिजे. ‘पायात गुठळी झाली’ असे आपण दोन वेगळ्या आजारांना म्हणतो. अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या नीलेत गुठळी झाली तर पाय सुजतो, जड होतो आणि बहुधा गरम लागतो. तिचा धोका वेगळा, उपचार वेगळे. धमनीतल्या गुठळीने पाय सुजत नाही, तो रिकामा पडतो. गार, फिकट, मुंग्यांनी भरलेला. पावलाच्या पाठीवर अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या मधल्या रेषेत एक नाडी लागते, दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांतही हाताला लागत नाही, म्हणून दोन्ही पायांची तुलना करायची. दुखऱ्या पायात दोन्ही जागी काहीच लागत नसेल आणि दुसऱ्या पायात ती टणटण उडत असेल, तर निदान जवळजवळ झालेच. त्याला यंत्र लागत नाही.

मज्जातंतू आणि स्नायू रक्ताशिवाय साधारण सहा तास तग धरतात. धमनी पूर्ण बंद असेल तर त्याहूनही कमी. आधी बधिरपणा येतो, मग बोटे हलेनाशी होतात. बोटे हलत नाहीत याचा अर्थ हाताशी फार थोडा वेळ उरला आहे. त्यानंतर पोटरी लाकडासारखी ताठ होते आणि कातडीवर दाबूनही न जाणारे निळे-जांभळे डाग उमटतात. त्या टप्प्यावर धमनी उघडणेच घातक ठरू शकते, कारण मेलेल्या स्नायूंतले पोटॅशियम आणि इतर विषारी द्रव्ये एकदम रक्तात उतरतात, हृदय थांबू शकते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मग जीव वाचवण्यासाठी पाय कापावा लागतो.

ही गुठळी येते कुठून? एक वाट हृदयातून. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील, किंवा लहानपणच्या संधिवाती तापाने हृदयाची झडप आकसली असेल, तर डाव्या कप्प्यात रक्त साकळते आणि त्याचा तुकडा सुटून प्रवाहाबरोबर खाली जातो. जिथे धमनी दुभंगते तिथे, म्हणजे जांघेत किंवा गुडघ्यामागे, तो अडकतो. आपल्याकडे झडपेचा हा आजार तरुण बायकांतही दिसतो, त्यामुळे ‘म्हातारपणचे दुखणे’ म्हणून पायाकडे पाहणे चूक आहे. दुसरी वाट म्हणजे मधुमेह आणि तंबाखूने आधीच अरुंद झालेली धमनी. ती वर्षानुवर्षे हळूहळू बुजत असते आणि एके दिवशी उरलेल्या फटीत गुठळी बसते. अशा माणसाला आधीपासून चालताना पोटऱ्या भरून येत असतात, थांबले की बरे वाटते, पण ते कुणी मनावर घेतलेले नसते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. शिवाय तरुण विडी ओढणाऱ्यांचा बर्गरचा आजार वेगळाच. त्यात पायाच्या अगदी बारीक धमन्या सुजून बंद होतात आणि विडी सुटल्याशिवाय कोणतेही औषध फारसे चालत नाही. विड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सिन्नरच्या जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको.

आता उपचाराकडे. १९६३ पूर्वी पायाची गुठळी काढणे म्हणजे धमनी जागोजागी उघडून ती खरवडणे, पिळणे, ओढणे. त्यातून पाय वाचण्याची आशा कमीच असे. सिनसिनाटी येथे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या थॉमस फोगार्टी या तरुणाने एका बारीक नळीच्या टोकाला रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बांधला. मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधायची गाठ त्याला येत होती, तीच इथे कामी आली. मिटलेला फुगा गुठळीच्या पलीकडे ढकलायचा, तिथे फुगवायचा आणि नळी मागे ओढायची की गुठळी बाहेर. भूल देण्याचा प्रकार हलका, जांघेत एकच छेद. जगभरच्या रुग्णालयांत आजही हीच नळी वापरली जाते आणि तिला त्याचेच नाव आहे.

पण फुग्याची एक मर्यादा आहे आणि आजचा विषय तिथूनच सुरू होतो. गुडघ्याखाली धमनीच्या तीन फांद्या होतात. जांघेतून सोडलेली नळी आपल्या मर्जीने त्यातल्या एकीत शिरते, बहुधा मधल्या फांदीत. पावलापर्यंत पोचणाऱ्या उरलेल्या दोन फांद्या तशाच राहू शकतात. त्याहून बारीक वाहिन्यांत तर फुगा जाऊच शकत नाही. वरची मोठी गुठळी निघाली, जांघेत रक्ताची धार जोरात आली, सर्जनने टाके घातले, आणि तरीही संध्याकाळी पाऊल गारच, असे घडते ते यामुळे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रंगद्रव्य सोडून चित्र काढले तर अनेकदा खाली उरलेली गुठळी दिसते. चित्र काढलेच नाही तर ती दिसत नाही, इतकेच. युरोपातल्या रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत टेबलावरच्या या तपासणीवर भर दिला आहे तो उगाच नव्हे.

फुगा पोचत नाही तिथे औषध पोचते. सर्जन त्याच उघड्या धमनीतून एक बारीक नळी खाली सरकवतो. वर चिमटा लावलेला असल्याने वरून रक्त येत नसते. मग यूरोकायनेजचे साधारण अडीच ते पाच लाख युनिट किंवा अल्टेप्लेजचे काही मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून हळूहळू खाली सोडले जातात आणि वीस-तीस मिनिटे थांबले जाते. नंतर पुन्हा फुगा, पुन्हा चित्र. काही ठिकाणी मांडीला पट्टा आवळून पायाचा रक्तप्रवाह शरीरापासून तात्पुरता तोडतात, जास्त मात्रा देतात आणि नीलेतून येणारे औषधमिश्रित रक्त बाहेर काढून टाकतात. या सगळ्यामागचा हेतू एकच. औषध पायात राहावे, मेंदूपर्यंत जाऊ नये.

कारण हे औषध दुधारी आहे. गुठळी म्हणजे फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे आणि त्यात अडकलेल्या रक्तपेशी. हे जाळे कापणारा पदार्थ शरीरातच निद्रिस्त असतो, त्याचे नाव प्लाझ्मिनोजेन. औषध त्याला जागे करते. पण जागा झालेला पदार्थ वाईट गुठळी कोणती आणि चांगली कोणती हे पाहत नाही. जठरातल्या जखमेवरची, मेंदूतल्या फुटू पाहणाऱ्या वाहिनीवरची गुठळीही तो कापतो. म्हणूनच नुकताच पक्षाघात झालेल्या, मेंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा आतून रक्तस्राव चालू असलेल्या रुग्णाला ते देत नाहीत. नेहमीच्या ‘रक्त पातळ करणाऱ्या’ औषधाशी त्याची गफलत करू नये. हेपारिन झालेली गुठळी विरघळवत नाही, ती वाढू देत नाही. पायाच्या झटक्यात दोन्हींची गरज पडू शकते, पण क्रम ठरलेला आहे. आधी हेपारिन, जितके लवकर तितके चांगले. विरघळवणारे औषध नंतर, तज्ज्ञाच्या हातून.

या औषधांचा इतिहास मजेशीर आहे. घशाच्या आणि कातडीच्या संसर्गातला स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतो, हे विल्यम टिलेट यांच्या १९३३ मधल्या कामातून पुढे आले. त्यातून स्ट्रेप्टोकायनेज आले. यूरोकायनेज सापडले ते मानवी मूत्रात, नावही त्यावरूनच. अल्टेप्लेजला अमेरिकेत हृदयविकारासाठी १९८७ मध्ये परवानगी मिळाली. भारतात चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत डॉ. गिरीश साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी स्ट्रेप्टोकायनेजवर मोठे काम केले, ते पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले. पुण्यात जेनोव्हा ही कंपनी टेनेक्टेप्लेज बनवते. म्हणजे औषध परदेशातून यायचे आहे, ही सबब आता चालणारी नाही. जंतूपासून आलेल्या स्ट्रेप्टोकायनेजची मात्र एक अडचण आहे. आपल्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, त्यामुळे एकदा घेतलेल्याला ते पुन्हा दिले तर निष्फळ ठरू शकते किंवा त्याची ॲलर्जी उठू शकते. हृदयविकाराच्या वेळी कोणते इंजेक्शन मिळाले होते, ते डिस्चार्ज कार्डावर पाहून सर्जनला सांगण्याचे काम घरच्यांचे आहे.

हे तंत्र कितपत सिद्ध झाले आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. अमेरिकेत अँथनी कोमेरोटा आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये १३४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत शस्त्रक्रियेदरम्यान काहींच्या धमनीत यूरोकायनेज तर काहींच्या धमनीत नुसते सलाइन सोडले. औषधाने रक्तस्राव वाढला नाही, ही त्यातली दिलासा देणारी गोष्ट. पण ते रुग्ण जुनाट अडथळ्याचे होते, अचानक पाय गार पडलेले नव्हते. अचानकच्या झटक्यात शस्त्रक्रियेच्या टेबलावर औषध देण्यामागे आधार आहे तो मुख्यतः सर्जनांच्या छोट्या छोट्या रुग्णगटांच्या अनुभवाचा. शस्त्रक्रिया टाळून फक्त नळीतून तासन्‌तास औषध सोडण्याची पद्धत मात्र मोठ्या चाचण्यांत तपासली गेली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५४४ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी पाय शाबूत राहून जिवंत असलेल्यांचे प्रमाण औषधगटात ७१.८ टक्के तर शस्त्रक्रियागटात ७४.८ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. मोठा रक्तस्राव मात्र औषधगटात १२.५ टक्क्यांना झाला आणि शस्त्रक्रियागटात ५.५ टक्क्यांना. औषधगटातल्या चौघांच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

या आकड्यांचा अर्थ आम्ही असा लावतो. औषध फुग्याला पर्याय नाही, पूरक आहे. शस्त्रक्रियेत थोड्या मात्रेत, थोडा वेळ, फक्त पायापुरते वापरणे हा मधला मार्ग शहाणपणाचा दिसतो. बोटे हलेनाशी झालेल्या पायाला तासन्‌तास ठिबकत राहणाऱ्या औषधावर सोडणे परवडत नाही. तिथे आधी फुगा, मग चित्र, आणि चित्रात खाली गुठळी उरलेली दिसली तर औषध. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगायची तर हृदयविकारासाठी हाताच्या शिरेतून देतात तसे हे इंजेक्शन पायासाठी गावच्या दवाखान्यात देऊन टाकावे, अशी मागणी कुणी करू नये. तो प्रयोग पूर्वी झाला आणि फायदा थोडा, रक्तस्राव फार, म्हणून मागे पडला.

मग गावच्या दवाखान्याने करायचे काय? आमच्या मते खरी त्रुटी इथे आहे. हृदयासाठी राज्यात बरे काम झाले. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञाला दाखवायचा, गरज असेल तर तिथेच इंजेक्शन द्यायचे आणि रुग्णाला पुढे पाठवायचे, ही रीत रुजते आहे. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. पायासाठी असे काहीच ठरलेले नाही. सुरगाणा किंवा पेठचा माणूस सावळघाट उतरून-चढून शहरात येईपर्यंत त्याच्या सहा तासांतले किती उरतात? मालेगाव तर शंभरेक किलोमीटरवर. शिवाय वाटेत थांबे असतात. पहिला थांबा घरातच, पाय मुरगळला असेल, वात असेल, सकाळपर्यंत पाहू. दुसरा थांबा जवळच्या दवाखान्यात, वेदनाशामक इंजेक्शन आणि ‘सायटिका’. तिसरा सर्वांत महागात पडणारा, ‘उद्या सकाळी डॉप्लर करून या.’ पाय गार आहे, नाडी नाही, बोटे बधिर आहेत, इतके दिसत असताना सकाळच्या सोनोग्राफीची वाट पाहणे म्हणजे धूर दिसत असताना आगीचा दाखला मागणे. चौथा थांबा अशा रुग्णालयात, जिथे रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक नाही आणि फुग्याची नळीही नाही, मग पुन्हा रुग्णवाहिका. प्रत्येक थांब्यावर भेटणारा माणूस आपापल्या परीने बरोबरच वागत असतो, पण पाय मात्र प्रत्येक थांब्यावर थोडा थोडा मरतो.

नाशिक शहराची अवस्था साधनांच्या बाबतीत वाईट नाही. शालिमारला विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे, अँजिओग्राफी करणारी खासगी रुग्णालये आहेत. म्हसरूळला तर साऱ्या राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. यांतल्या कुठल्या दारात रात्री दोन वाजता गार पडलेला पाय घेऊन जायचे, हे कळवणचा वैद्यकीय अधिकारी आज झोपेतून उठून सांगू शकतो का? ते एक नाव आणि एक दूरध्वनी क्रमांक ठरवायला निधी लागत नाही. त्या क्रमांकावर बोलून, रक्तस्रावाचा धोका नाही ना हे पाहून, रुग्णवाहिका निघण्याआधी हेपारिनचा पहिला डोस देता येतो. आणि जिथे रुग्ण पोचणार तिथे फोगार्टीची नळी वेगवेगळ्या मापांत, यूरोकायनेज किंवा अल्टेप्लेज फ्रिजमध्ये आणि टेबलावर चित्र काढणारे यंत्र, या तीन गोष्टी तयार असायला हव्यात. ऐन वेळी नातेवाइकाला चिठ्ठी देऊन मेडिकल दुकानांच्या फेऱ्या मारायला लावणे हा उपचार नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आहे. पण ठरावीक रकमेच्या पॅकेजमध्ये ऐन वेळी लागलेले हे इंजेक्शन कुणाच्या खात्यावर टाकायचे, हा प्रश्न रुग्ण टेबलावर असताना उभा राहू नये. तो आधीच, कागदावर सुटायला हवा.

विद्यापीठालाही यात करण्याजोगे आहे. आंतरवासीय डॉक्टरांच्या हातून छातीला स्टेथोस्कोप लागतो, पायाला बोट क्वचित लागते. प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या दोन्ही पावलांच्या नाड्या तपासून नोंदवल्याशिवाय आंतरवासितेची वही पूर्ण होणार नाही, असा नियम करायला फार मोठ्या समितीची गरज नसावी.

घरच्यांसाठी थोडेसे, पण ते मोलाचे आहे. गार पाय शेकू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि रक्त नसलेली कातडी पटकन भाजते. गरम पाण्याची पिशवी आणि शेगडी दूर ठेवा. तेल लावून चोळू नका. पाय उशीवर उंच करू नका, उंचावर चढायला रक्ताला बळ उरलेले नसते, तो समपातळीत किंवा किंचित खाली ठेवा. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने वाटेत खायला-प्यायला देऊ नका. आणि कळ किती वाजता सुरू झाली ते कागदावर लिहून सोबत न्या. सर्जनचा पहिला प्रश्न तोच असतो. शस्त्रक्रियेनंतर पोटरी ताणून दुखू लागली, बोटे वाकवताना ओरडायला झाले, तर लगेच सांगा. परत आलेल्या रक्ताने स्नायू आवरणात फुगतात आणि कधी पोटरीला लांब छेद देऊन ते मोकळे करावे लागतात. ती जखम पाहून घाबरण्याचे कारण नाही, पाय वाचवण्याचाच तो भाग आहे. मूळ गुठळी हृदयातून आली असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी पुढे दीर्घकाळ चालू राहते. ‘आता पाय बरा आहे’ म्हणून ती बंद करणाऱ्याच्या दुसऱ्या पायात, किंवा मेंदूत, पुढची गुठळी जाऊ शकते.

स्वीडनमध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही १९८७ पासून ठेवली जाते. कुठल्या रुग्णालयात किती पाय वाचले, किती गेले, हे तिथे कळते. आपल्याकडे कापलेल्या पायाची नोंद शस्त्रक्रियागृहाच्या वहीत होते आणि तिथेच संपते. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाने सरकारी आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयांत घोट्याच्या वर कापलेल्या प्रत्येक पायामागे चार वेळा लिहून घ्याव्यात. कळ कधी सुरू झाली, पहिल्या डॉक्टरने कधी पाहिले, हेपारिन कधी दिले, रुग्ण टेबलावर कधी गेला. सोबत एक ओळ, फुग्यानंतर चित्र काढले का आणि औषध वापरले का. वर्षभराने या कागदांतून कळेल की पाय नेमके कुठे जात आहेत, घरात, घाटात, सोनोग्राफीच्या रांगेत की टेबलावर. छापील पानभर नमुना पुरेल, आणि तो यंदाच्या थंडीआधी तालुक्यांना पोचवता येईल.